उबेच्या घळीचा कायदा

फार वर्षांपूर्वी नव्हे, अगदी अलीकडे, आणि फार लांबही नव्हे, हाकेच्या अंतरावर, एक जंगल होतं. जंगलाचं नाव आडरान. आडरानात एक राजा होता. तो गवा होता. अंगाने प्रचंड, आवाजाने त्याहून प्रचंड, आणि दर पाच वर्षांनी तो निवडून यायचा. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला प्राणी निकालाच्या आधीच त्याच्या पक्षात यायचा, त्यामुळे मतमोजणीला वेळ लागत नसे.

आडरान उंच पठारावर होतं. वर्षातले सात महिने थंडी. ज्याच्या घरी कुणी होतं तो घरच्यांना बिलगून बसायचा. ज्याच्या घरी कुणी नव्हतं तो उबेच्या घळीत जायचा. खरं सांगायचं तर ज्याच्या घरी कुणी होतं तोही जायचा.

उबेची घळ म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी जागा. तिथे दोनशे चौदा मेंढ्या राहायच्या. कुणी कळपातून चुकलेली, कुणी सख्ख्या मामाने आणून सोडलेली, कुणी नवरा मेल्यावर दिराने कुरणातून हाकलून दिलेली. मोठी होऊन काय करणार, असं त्यांच्यातल्या एकीलाही लहानपणी कुणी विचारलं नव्हतं. त्या ऊब द्यायच्या. पाहुणा यायचा, हिरव्या पाल्याची एक पेंढी ठेवायचा, आणि मेंढीच्या पाठीला पाठ लावून बसायचा. घळीचा जुना दंडक होता: पाहुण्याचं तोंड एका कड्याकडे, मेंढीचं दुसऱ्या कड्याकडे. मेंढीने मान वळवायची नाही. कारण पाहुण्याला अब्रू असते. मेंढीला असते की नाही, याबद्दल दंडकात काही म्हटलेलं नव्हतं.

राज्याच्या दप्तरात मात्र घळ नव्हती. नकाशावर त्या जागी 'ओढा' असं लिहिलेलं होतं. राज्याच्या घटनेचं पहिलंच कलम असं होतं, की 'ऊब फक्त घरात मिळते'. त्यामुळे घळ असणं शक्यच नव्हतं. या नसलेल्या घळीच्या बंदोबस्ताला तरस फौजदार होते. नसलेल्या मेंढ्यांकडून ते दर आठवड्याला पाला न्यायचे, आणि तो पाला तरस खात नाहीत म्हणून वरच्या साहेबांकडे पाठवून द्यायचे.

एका दुपारी फौजदार घळीत आले आणि बांडी नावाच्या मेंढीच्या पाठीला पाठ लावून बसले. पेंढी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. बांडीला दोन दिवस ताप होता.

"सायेब, अंगात कसकस हाय," ती कड्याकडे बघत म्हणाली. "आज नगं."

'नको' हा शब्द फौजदारांनी आयुष्यात बराच वापरला होता, पण ऐकला नव्हता. त्यांनी दंडक मोडून मान वळवली आणि बांडीच्या मागच्या डाव्या पायाचा लचका तोडला. मग तोंड पुसून ते गस्तीला निघून गेले.

घळीतली सगळ्यांत थोरली मेंढी म्हणजे भोरी. तिने घळीत अकरा हिवाळे काढले होते. बांडी तिची नात्याने कुणी नव्हती. बांडीला घळीत आणून टाकलं त्या दिवशी भोरीने तिला आपल्या वाट्याची पेंढी दिली होती, एवढंच नातं. भोरीने जखमेवर दगडीपाला चोळून लावला आणि ती तडक चौकीवर गेली.

चौकीत तक्रारी लिहून घ्यायला कासव होतं. अडचणीचा प्रश्न आला की ते मान आत ओढून घ्यायचं. या गुणावर त्याला दोनदा बढती मिळाली होती.

"चावलाय त्यो तरस," भोरी म्हणाली. "बांडीच्या पायाला. एवढंच लिवा."

"कुठे चावले?"

"घळीत."

"घळ कुठली? तिथे ओढा आहे. आणि ओढ्यात मेंढ्या काय करत होत्या?"

"त्ये तुमास्नी ठाऊक हाय, सायेब. तुमी बी ईता की."

कासवाने मान आत घेतली.  मग आतूनच ते म्हणालं, "बाई, घळीत काही चालतं असा कायदा नाही. कायद्यात जे नाही ते घडत नाही. जे घडत नाही त्यात कुणी चावत नाही. घरी जा."

भोरी घरी गेली नाही. ती रोज सकाळी चौकीसमोर येऊन बसू लागली. तिची मागणी एकच होती: बांडीला फौजदार चावला, हे कुठेतरी लिहून घ्या. पहिला आठवडा कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कावळ्यांनी ही बातमी झाडाझाडावर नेली. तिसऱ्या आठवड्यात निवडणूक जवळ असल्याचं राजाच्या लक्षात आलं, आणि त्याने हा प्रश्न विधानसभेत चर्चेला घेतला. म्हणजे चाव्याचा प्रश्न नव्हे. ऊब विकणं कायदेशीर करावं की बंद करावं, हा प्रश्न. चाव्यापेक्षा तो बराच मोठा होता आणि त्यावर भाषणं करता येत होती.

पहिले उठले साळिंदरबुवा. ते शुद्धाचार मंडळाचे प्रमुख होते. बोलताना त्यांचे काटे उभे राहायचे, त्यामुळे त्यांच्या शेजारची दोन्ही आसनं कायम रिकामी असायची.

"बंधूंनो, ऊब विकणं ही आपली संस्कृती नाही," बुवा म्हणाले. "आपल्या वाडवडिलांनी कधी ऊब विकली नाही."

"विकली नसंल, घेतली असंल," मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं.

"ही घळ बुजवली पाहिजे. या बायांमुळे आपली तरुण पिढी बिघडते. आपण सगळे मूळचे चांगले आहोत. आपल्याला तिकडे ओढून नेलं जातं." बुवांनी शेवटी घोषणा दिली, "घळ बुजवा, घर वाचवा." सभागृहाने ती तीनदा म्हटली.

मग महसूलमंत्री मुंगूसराव उठले. ते व्यवहारी गृहस्थ होते. "भावना बाजूला ठेवू," ते म्हणाले. "ऊब ही सेवा आहे. सेवेवर कर बसतो. प्रत्येक मेंढीला परवाना द्या, गळ्यात बिल्ला बांधा, तपासणी करा, कर घ्या. जगात सगळीकडे असंच चाललंय. ऊब अधिकृत, राज्य समृद्ध." ही घोषणाही सभागृहाने तीनदा म्हटली. ज्यांनी आधीची म्हटली होती त्यांनीच म्हटली.

रोहीताईंचे डोळे तेवढ्यात भरून आले होते. रोही म्हणजे नीलगाय. ताई 'उद्धार' नावाची संस्था चालवायच्या आणि दर हिवाळ्यात घळीच्या तोंडाशी उभ्या राहून छायाचित्र काढून घ्यायच्या. आत त्या कधी गेल्या नव्हत्या, कारण आत वास येतो असं त्यांनी ऐकलं होतं.

"त्या मेंढ्या नाहीत, त्या आपल्या भगिनी आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांना कायदा नको, कर नको. त्यांना बाहेर काढा आणि सन्मानाचं काम द्या. मी प्रत्येकीला एक शिवणयंत्र देणार आहे."

"ताई, पण मेंढीला खूर असतात," कुणीतरी शंका काढली.

"खूर ही मानसिकता आहे," ताई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

तीन मतं झाली म्हणून समिती नेमली गेली. बुवा, मुंगूसराव, ताई, आणि अध्यक्ष म्हणून तात्यासाहेब अस्वल. तात्यासाहेबांवर सगळ्यांचा विश्वास होता, कारण ते कधी कुठल्या बाजूने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायको गेल्यापासून ते तसेही कमी बोलायचे.

समितीने सगळ्यांत आधी अभ्यास दौरा केला. उबेचं नियमन कसं करतात हे पाहायला चौघे समुद्रकाठच्या जंगलात सतरा दिवस राहून आले. अहवाल जाडजूड होता. त्याचा निष्कर्ष असा: 'सदर जंगलात ऊब विकत मिळत नाही, कारण तेथे कडक ऊन पडते. आपल्याकडेही असे ऊन आणता येईल काय, हे तपासावे.' हे तपासायला उपसमिती नेमली.

त्यानंतर सुनावणी ठेवली. बाजार नियमनाच्या संहितेप्रमाणे कुठल्याही व्यवहाराच्या सुनावणीत विकणाऱ्यांचा एक आणि घेणाऱ्यांचा एक प्रतिनिधी लागतो. विकणाऱ्यांच्या बाजूने भोरी आली. घेणाऱ्यांच्या बाजूने कुणी आलं नाही. समितीने दवंडी पिटली. जाहिरात दिली. मुदत वाढवली. येण्याजाण्याचा भत्ता जाहीर केला. तरी कुणी नाही. अखेर इतिवृत्तात नोंद झाली: 'विक्रेत्या दोनशे चौदा, ग्राहक शून्य.' एकही ग्राहक नसताना हा धंदा शंभर वर्षं कसा टिकला, याचं मुंगूसरावांना एक व्यापारी म्हणून कौतुक वाटलं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

भोरीला उभं केलं. चौघे तिच्यासमोर उंच शिळेवर बसले होते.

"बोला बाई, तुमचं म्हणणं काय?" तात्यासाहेबांनी विचारलं. "परवाना हवा, की बंदी हवी?"

"तक्रार लिवून घ्यायला पायजे."

"ते नंतर. परवाना, बंदी, की शिवणयंत्र?" रोहीताईंनी आठवण करून दिली.

"ताई, परवाना द्या न्हाईतर नगा देऊ. आमाला कुनी चावलं तर चौकीत लिवून घ्या. 'नगं' म्हनलं तर त्ये नगंच आसावं. यवढं झालं तर आमचं आमी बघू."

"हे विषयाला धरून नाही," बुवा म्हणाले. "मला सांगा, तिथे येतं कोण? नावं सांगा. समाजाला कळू द्या."

"त्वांड कुनाचंच ठाऊक न्हाई, बुवा. दंडकच हाय तसा. पाठी तेवढ्या ठाऊक हायेत."

"पाठी म्हणजे?"

"म्हंजी कुनाची पाठ केसाळ आसती. कुनाची काट्यांची, लोकर वढून काढती. कुनाच्या डाव्या खांद्याखाली गाठ आसती. अकरा हिवाळं पाठीला पाठ लावल्यावर वळखू येतंयच की."

 तात्यासाहेबांनी घाईने कामकाज तहकूब झाल्याचं सांगितलं. चौघे उठले, आणि चौघेही भोरीकडे तोंड ठेवूनच, एकेक पाऊल मागे टाकत, सभास्थानातून बाहेर पडले. रोहीताईंना तसं चालायची गरज नव्हती, पण सगळे चालताहेत म्हणून त्याही चालल्या. उतारावर तात्यासाहेब उलटे चालता चालता पाणवठ्यात पडले.

त्या दिवसापासून आडरानात मोठ्या प्राण्यांची चाल बदलली. मंत्री सभेला भिंतीच्या कडेने येऊ लागले. आमदार निरोप घेऊन उलटे जाऊ लागले. पुतळ्यांना उलटं चालता येत नव्हतं म्हणून ते पाठीकडून कड्याला चिकटवून ठेवले. कावळ्यांनी लिहिलं की लोकप्रतिनिधी आता जनतेशी सतत समोरासमोर असतात. लोकांना बरं वाटलं.

कायदा मात्र झाला. नाव ठेवलं 'ऊब नियमन आणि मेंढी सन्मान अधिनियम'. तिन्ही मतांचा मान राखायचा म्हणून तिन्ही त्यात घातली. ऊब देणं कायदेशीर झालं. ऊब देण्यासाठी बसणं बेकायदेशीर झालं. उभ्याने द्यावी की काय, हे नियमावलीत येईल असं ठरलं. प्रत्येक मेंढीला परवाना काढणं सक्तीचं झालं, गळ्यात पितळी बिल्ला आला, आणि दर महिन्याला रोगाची तपासणी आली. पाहुण्यांचीही तपासणी करावी, असं एका तरुण वैद्याने सुचवलं होतं. कुणाच्याही खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणं राज्याच्या परंपरेत बसत नाही, असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याची बदली उंदरांच्या दवाखान्यात झाली.

पाठी ओळखू येतात या मुद्द्यावर समितीने सर्वांत जास्त वेळ खर्च केला. तोडगा असा निघाला की यापुढे मेंढीची पाठ आणि पाहुण्याची पाठ यांच्यामध्ये सरकारमान्य गोणपाट लावायचं. गोणपाटावर राजाचं चित्र छापायचं, म्हणजे ही ऊब कुणाच्या कृपेने मिळते हे दोन्ही बाजूंना कळेल.

आणि परवान्याचं शुल्क लोकरीत घ्यायचं ठरलं. मेंढीपाशी दुसरं होतंच काय? ऐन थंडीच्या तोंडाला दोनशे चौदा मेंढ्यांची कातरणी झाली. त्या लोकरीच्या शाली विणल्या गेल्या. शालींची राज्यात नेहमीच टंचाई असायची, कारण आडरानात रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार असायचा.

लोकर गेल्यावर मेंढ्या थरथरू लागल्या. पाहुणे तक्रार करू लागले की अधिकृत झाल्यापासून पूर्वीसारखी ऊब राहिली नाही. ही तक्रार चौकीत लगेच लिहून घेतली गेली.

हे कळलं तसं भोरी बांडीला घेऊन पुन्हा चौकीवर गेली. बांडी आता तीन पायांवर चालायची. चौथा पाय होता, पण तो जमिनीला टेकत नव्हता.

"आता कायदा झाला न्हवं," भोरी म्हणाली. "आता लिवा."

"आता लिहिता येईल," कासवाने आनंदाने मान बाहेर काढली. "परवाना क्रमांक सांगा. आणि घटनेची तारीख." तारीख ऐकून त्याने मान हलवली. "ही कायद्याच्या आधीची आहे. त्या दिवशी तुम्ही बेकायदेशीर होता. बेकायदेशीर मेंढीला चावलं तर ती बाब वेगळ्या खात्याकडे जाते, आणि ते खातं अजून उघडायचंय."

"म्हंजी त्येनं पुन्यांदा चावलं तर लिवनार?"

कासवाने विचार केला. "तारीख नवी पडेल, हे खरं. पण तेव्हाही अर्ज ऊब निरीक्षकांमार्फत यावा लागेल."

"निरीक्षक कोन?"

"आपले तरस साहेब. बढती मिळाली त्यांना. घळीचा त्यांचा अनुभव दांडगा आहे."

बांडीने भोरीकडे पाहिलं. "चल बाय घरी," ती म्हणाली. "हितं हुबं ऱ्हावं तर पाय दुकतूय." मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त चीड कशाची येत असेल तर या वाक्याची येते. तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात कायद्याच्या यशाबद्दल समितीचा जाहीर सत्कार ठेवला. वडाखाली व्यासपीठ उभारलं. पाच हजार प्राणी जमले. बिनलोकरीच्या दोनशे चौदा मेंढ्यांना पहिल्या रांगेत बसवलं, त्यांच्या मागे 'लाभार्थी' असा फलक लावला. राजा वडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसला होता. समितीचे चौघे खुर्च्या व्यासपीठाच्या मागच्या भिंतीला लावून बसले होते. सगळा बंदोबस्त चोख होता.

तेवढ्यात रोहीताईंना एक सुंदर कल्पना सुचली. शाल आणि श्रीफळ मंत्र्यांच्या हस्ते न देता लाभार्थी भगिनीच्या हस्ते द्यावं. टाळ्या झाल्या. भोरीचं नाव पुकारलं. तिच्या तोंडात शाल दिली आणि पहिलं नाव घेतलं गेलं: तात्यासाहेब अस्वल.

आता आडरानात कुठलीही गोष्ट विसरली जाईल, पण सत्काराची रीत विसरली जात नाही. शाल नेहमी मागून पांघरतात. नाव पुकारलं की प्राणी उठतो, खुर्ची सोडून दोन पावलं पुढे येतो, लोकांकडे तोंड करून उभा राहतो, मान थोडी झुकवतो, आणि मागून शाल येते. दोन महिने भिंतीच्या कडेने चाललेल्या तात्यासाहेबांनीही हेच केलं. ही सवय भीतीपेक्षा जुनी होती. रांगेत बसलेल्या बुवांना किंवा मुंगूसरावांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. आपल्या पाळीला कसं उभं राहायचं, याच विचारात ते होते.

भोरी शाल घेऊन मागे गेली आणि थबकली. ही पाठ तिच्या ओळखीची होती. एवढ्या केसाळ जनावराला उबेची गरज नसते. बायको गेली त्या हिवाळ्यापासून ही पाठ तिच्याकडे यायची, पेंढी ठेवायची, आणि समोरच्या कड्याला बायकोच्या गोष्टी सांगायची. भोरीने त्या सगळ्या ऐकल्या होत्या. या पाठीचा तिला कधी राग आला नव्हता. तिने शाल खांद्यावर टाकली, ती डाव्या बाजूला नीट बसेना म्हणून तिने हनुवटीने चाचपून पाहिलं, आणि काळजीने म्हणाली,

"तात्या, गाठ लई वाढलीया. वैदाला दावा."

ध्वनिक्षेपक तात्यासाहेबांच्या तोंडाशी होता. तो चांगल्या प्रतीचा होता. पाच हजार प्राण्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला.

कुणीही हसलं नाही. तुम्हाला वाटेल, आता लोक हुर्यो उडवतील, दगड मारतील. तसं काही झालं नाही. आधी पाठीमागच्या रांगेतला एक कोल्हा हळूच सरकत झाडाला पाठ लावून उभा राहिला. मग दोन सांबरं सरकली. मग रेटारेटी सुरू झाली. झाडं थोडी होती आणि पाठी पाच हजार होत्या. ज्यांना झाड मिळालं नाही ते जमिनीवर उताणे पडले, काही सहकुटुंब. मेंढ्या मात्र जिथे होत्या तिथेच बसून होत्या.

राजा अनुभवी होता. तो बुंधा न सोडता गरजला, "या भगिनीची मागणी काय आहे? जी असेल ती मी या व्यासपीठावरून, या क्षणी मान्य करतो."

"तक्रार लिवून घ्या," भोरी म्हणाली.

"घेतली," राजा म्हणाला.

कासवाला वर आणलं. त्याने तिथेच, सगळ्यांदेखत, तक्रार लिहिली. राजाने आपल्या खुराने शिक्का उठवला. उताणे पडलेल्यांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. भोरीला प्रत मिळाली. अकरा हिवाळ्यांत पहिल्यांदाच राज्याने घळीतल्या मेंढीचं म्हणणं कागदावर लिहिलं होतं. ती कागद तोंडात धरून घळीकडे जवळजवळ धावत गेली.

मेंढ्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून वाटेतल्या एका म्हाताऱ्या पोपटाला धरून आणलं. सगळ्या जमल्या. पोपटाने वाचलं: "फिर्यादी बांडी, राहणार ओढा. हिच्या मागील डाव्या पायास अज्ञात प्राण्याने चावा घेतला."



"माजं नाव हाय न्हवं त्यात?" बांडीने विचारलं.

"हाय," भोरी म्हणाली.

"आन् त्येचं?"

"त्येचं न्हाई. अज्ञात म्हनं."

बांडी पायाकडे बघत राहिली. "मला तर चांगला ठाऊक हाय त्यो," ती म्हणाली.

अज्ञात प्राण्याचा शोध घ्यायला खास पथक नेमलं गेलं. पथकाचे प्रमुख ऊब निरीक्षक तरस. तपासासाठी ते दर दोन दिवसांनी घळीत येऊ लागले, आणि तपास लांबला की तिथेच बसू लागले, गोणपाट न लावता. महिनाभराने तपास अत्यंत निष्ठेने चालवल्याबद्दल त्यांचाही सत्कार झाला. शाल दुहेरी विणीची होती. त्यांना ती इतकी आवडली की ते ती काढेनातच.

भोरीला त्या कागदाने झोप लागेना. चौकीत नावं लिहीत नाहीत, समितीत तक्रार ऐकत नाहीत, व्यासपीठावर लिहिलं तरी भलतंच लिहितात. मग खरं लिहितात तरी कुठे, असं तिने पोपटाला विचारलं. पोपट म्हणाला, "कायदा लिहितात तिथे. विधानसभेत."

योगायोग असा की राजाने त्याच सुमाराला एक ऐतिहासिक घोषणा केली. मेंढ्यांचा आवाज विधानसभेत पोचावा म्हणून घळीचा मतदारसंघ मेंढ्यांसाठी राखीव. भोरीने ठरवलं, उभं राहायचं. दोनशे तेरा मेंढ्यांनी तिच्या अर्जावर खूर उठवले. बांडी तीन पायांवर लंगडत सूचक म्हणून बरोबर गेली. अर्ज दोनच आले होते. एक भोरीचा. दुसरा सत्ताधारी पक्षाचे अधिकृत उमेदवार, ऊब निरीक्षक तरस यांचा.

छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी दोन्ही उमेदवारांना समोर उभं केलं आणि नियम वाचून दाखवला. राखीव जागेवरचा उमेदवार मेंढी असला पाहिजे, आणि मेंढी म्हणजे 'जिच्या अंगावर लोकर आहे असा प्राणी'. त्यांनी भोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची तीन दिवसांपूर्वीच शुल्काची दुसरी कातरणी झाली होती.

"लोकर?" त्यांनी विचारलं.

"सरकारनं नेली," भोरी म्हणाली.

"पावती?"

पावती देण्याची पद्धत नव्हती. अधिकारी भले होते, त्यांना वाईट वाटलं, पण नियमापुढे त्यांचा नाइलाज होता. भोरीचा अर्ज बाद झाला. तरसांचा मंजूर झाला. त्यांच्या अंगावर लोकर होती.